मामा, हे पुढे ढकल ना!

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. भाच्याला हौसेने १९८५ चा 'टार्गेट' हा इंग्रजी सिनेमा लावून दिला. दहाव्या मिनिटाला कार्टं म्हणतं, "मामा, हे बाप-लेकाचं पुढे ढकल ना. मारामारी कधीय?"

अरे, काय पुढे ढकलू? सगळा सिनेमा तिथेच आहे! डॅलसमधला लाकडाच्या वखारीवाला मिळमिळीत बाप, जीन हॅकमन. शिक्षण सोडलेला पोरगा, मॅट डिलन. दोघांत धड दोन वाक्यं होत नाहीत. आई पॅरिसला फिरायला जाते नि गायब होते. तिला शोधताना पोराला कळतं, आपला बाप सीआयएचा माणूस होता. घरातलं आडनावसुद्धा खोटं!

आमचे अण्णा घरात म्हणजे भिंत. जेवताना "मीठ" एवढंच बोलायचे. सातवीत असताना आईने निरोप देऊन कारखान्यावर पाठवलं. गेटसमोरच्या टपरीवर एक जण साहेबाची नक्कल करत होता. मान तिरकी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. हसण्याच्या नादात लोकांच्या कपातला चहा सांडत होता. ते अण्णा होते. मी दिसताच चष्मा वर सरकवला. "काय रे?" बस्स.

हे आम्हाला का नाही दाखवलंत? तेव्हापासून डोक्यात बसलं होतं. पुढे मी डिप्लोमा सोडला, जुंपली, आणि चार वर्षं अबोला. म्हणून डिलन पडद्यावर बापाला जाब विचारतो तेव्हा मला पॅरिस दिसतच नाही, टपरी दिसते.

बरं, शेवट भडक आहे, मान्य. त्या दिग्दर्शकाचे, आर्थर पेनचे, याहून चांगले सिनेमे आहेत, तेही मान्य. पण हॅकमन बघा हो! तो १३ वर्षांचा असताना रस्त्यावर खेळत होता, बाप गाडीतून जाताना नुसता हात करून घर सोडून गेला. असा माणूस बाप झाल्यावर गप्प बसतो ना, ते मला खोटं वाटत नाही.

भाच्यावर उगाच ओरडलो. बारा वर्षांचं पोर ते, त्याला काय ठाऊक? तोंड पाडून आत जाऊन झोपलंय.

अण्णांच्या दहाव्याला टपरीवाले काका आले होते. डोळे पुसत म्हणाले, "साहेबाची नक्कल घरीपण करायचे का रे?"

मी म्हटलं, "हो. रोज."