2 स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर: पत्ते लावलेले नव्हते, पण चूक आमचीही आहे

नमस्कार, रिव्ह्यू दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचल्यावर जे लिहायला घेतलं होतं ते पुसून टाकलं, म्हणून उत्तराला दोन दिवस लागले, सॉरी.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की डॉमिनियनचा (खेळता खेळता पत्ते विकत घेऊन आपली गड्डी बनवायचा गेम) बेस गेम आमच्याकडून घेतला, "पैसा घेत राहा, सिल्व्हर, गोल्ड, मग प्रॉव्हिन्स, सोबत एखादी स्मिदी" (सिल्व्हर-गोल्ड ही पैशाची कार्डं, प्रॉव्हिन्स पॉइंटचं, स्मिदी जादा पत्ते ओढून देणारं) हे मीच शिकवलं आणि घरी तुम्ही सगळे डाव जिंकलात. मग माझ्या सांगण्यावरून प्रॉस्पेरिटी एक्सपान्शन (बेसमध्ये मिसळायचा जादा कार्डांचा सेट) घेतलं आणि आमच्या टेबलावर ओळीने तीन डाव हरलात. समोरचा पहिले पाच टर्न धड काही घेत नव्हता तरी जिंकला, म्हणजे एकतर एक्सपान्शनने गेम बिघडवला किंवा पत्ते लावलेले होते.

पत्त्यांचं आधी बोलू कारण तेच जास्त लागलं मनाला. समोरच्याने पहिल्या टर्नला चॅपेल घेतलं, 2 ला मिळणारं कार्ड, हातातले चारपर्यंत पत्ते कायमचे गेमबाहेर फेकायचे एवढंच त्याचं काम. तो स्वतःचेच कॉपर (1 पैशाचे पत्ते) फेकत होता तेव्हा तुम्ही हसलात, मी काउंटरवरून बघत होतो, आणि खरं सांगू का, पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण हसतो. पण गणित बघा. सुरुवातीला 7 कॉपर आणि 3 इस्टेट (1 पॉइंटच्या, पैसा देत नाहीत), म्हणजे दहा पत्त्यांत 7 पैसे, पाच पत्त्यांच्या हातात सरासरी साडेतीन. सहाव्या-सातव्या टर्नपर्यंत तुमच्या गड्डीत पंधरा-सोळा पत्ते झाले होते आणि त्यातले दहा तेच सुरुवातीचे, त्याच्याकडे जेमतेम सहा-सात आणि सगळे कामाचे. सातातले पाच दर वेळी हातात येणार असतील तर काय येणार हे लहान पोरगंही सांगेल. तुम्हाला जे "दर वेळी त्यालाच बरोबर पत्ते येतात" असं दिसलं ते हेच, नशिबाला शिरायला त्याने जागाच ठेवली नव्हती.

आता पैशाचं. मी शिकवलेलं चुकीचं नव्हतं, अर्धवट होतं. घरी तुम्ही जिंकत होतात कारण बाकीचे (तुम्हीच सांगितलेलं) व्हिलेजमागून व्हिलेज घेत होते. व्हिलेज एक पत्ता आणि दोन ॲक्शन (त्याच टर्नला अजून दोन ॲक्शन कार्डं खेळायची मुभा) देते, पण त्या ॲक्शन खर्च करायला हातात दुसरं काही नको का? अशा अर्धवट जुळणीला (एकमेकांना जोडून चालणाऱ्या कार्डांच्या गड्डीला) नुसता पैसा आरामात हरवतो, आणि बोर्डवर (डावाला मांडलेल्या कार्डांत) पत्ते फेकायची सोय नसेल, ॲक्शन वाढवणारं काही नसेल तर तुमच्यासमोर बसलेला तो गडीसुद्धा गुपचूप पैसाच घेतो. म्हणजे पैसा ही मोजपट्टी आहे, तुमची जुळणी तिच्यापेक्षा वेगाने धावत नसेल तर करू नका. हे वाक्य मी तुम्हाला गेम विकताना सांगायला हवं होतं.

प्रॉस्पेरिटी आल्यावर ती मोजपट्टीच लांब होते. प्रॉव्हिन्स 8 ला आणि 6 पॉइंटची, कॉलनी 11 ला आणि 10 पॉइंटची. पाचच्या पाच सिल्व्हर हातात आल्या तरी 10 च होतात, कॉलनी येत नाही! प्लॅटिनम आहे, 5 पैशांचं, पण ते 9 ला, आणि तुम्ही तिथे पोचायच्या आधी 8 झाले की लगेच प्रॉव्हिन्स उचलत होतात, बेसमध्ये तीच सवय बरोबर असते, इथे मात्र ते हिरवे (पॉइंटचे) पत्ते लवकर येऊन गड्डीत नुसते बसून राहिले. गेम लांबला की जुळणी करणाऱ्याला जमवाजमव करायला वेळ मिळतो, सगळा फरक तिथे पडला.

त्यात पेडलर होतं. छापील किंमत 8, पण खरेदीच्या वेळी तुम्ही खेळलेल्या, समोर मांडलेल्या प्रत्येक ॲक्शन कार्डामागे ती 2 ने उतरते. तुमच्यासमोर एक स्मिदी, तुम्हाला ते 6 ला. त्याच्यासमोर चार-पाच ॲक्शन कार्डं, त्याला फुकट, आणि वर्कर्स व्हिलेजमुळे खरेद्याही जास्त. एकाच ढिगातलं कार्ड एकाला महाग आणि एकाला फुकट, मग तुम्हाला फसवल्यासारखं वाटलं यात मला नवल वाटत नाही.

शेवटच्या डावाबद्दल "अचानक संपवला" लिहिलंय तुम्ही. त्याच्याकडे 4 कॉलनी, 40 पॉइंट. तुमच्याकडे 4 प्रॉव्हिन्स आणि सुरुवातीच्या 3 इस्टेट धरून 27. वर्कर्स व्हिलेज संपलेल्या, पेडलर संपलेले. हातात 8 पैसे, दोन खरेद्या. कोणीही प्रॉव्हिन्स घेतली असती, त्याने 4-4 च्या उरलेल्या दोन स्मिदी उचलल्या, तिसरा ढीग संपला, आणि तीन ढीग संपले की डाव संपतो. तुम्हाला पुढच्या टर्नला कॉलनी येणार होती हे त्याला माहीत होतं की नव्हतं कोण जाणे, पण ढीग मोजत बसायची सवय शंभरेक डाव खेळल्याशिवाय लागत नाही, मला स्वतःला खूप उशिरा लागली.

(एक जाता जाता. जुन्या बेस सेटमध्ये थीफ नावाचं कार्ड होतं, नवीन लोक त्याला जाम घाबरायचे, आणि ते बहुतेक वेळा समोरच्याचं कॉपरच काढायचं, म्हणजे उलट त्याची गड्डी साफ करून द्यायचं. 2016 च्या दुसऱ्या आवृत्तीत ते काढलं, त्याच्या जागी आलेलं बँडिट कॉपरला हातच लावत नाही. तेव्हा कोणतं कार्ड जबरी हे नवख्याला आणि मुरलेल्याला वेगळं दिसतं, हे गेम बनवणाऱ्यांनाही ठाऊक आहे.)

आमच्या चुका. एक, तुम्ही नुसता पैसा खेळून जिंकत होतात तेव्हाच प्रॉस्पेरिटी पुढे करायला नको होतं, चॅपेल घालून बेसचेच अजून आठ-दहा डाव खेळा म्हणायला हवं होतं, आणि घ्यायचंच होतं तर सीसाइड, त्यातली ड्युरेशन कार्डं पुढच्या टर्नलाही काम करतात, समजायला सोपी आणि गेम लांबवत नाहीत. दोन, टेबल रिकामं नव्हतं म्हणून मी तुम्हाला आमच्याकडच्या सगळ्यात मुरलेल्या माणसासमोर बसवलं, ते शुद्ध आळस. त्याच्या एकेका टर्नला तुम्ही हातावर हात ठेवून बसलात, तेही मला दिसत होतं आणि मी उठलो नाही.

"गेम बिघडवला" हे मात्र मान्य नाही, तुमचा आवडता मार्ग तेवढा या बोर्डवर तोकडा पडला.

एक्सपान्शन परत करायचं असेल तर उघडलेलं असलं तरी आणा, घेतो, वाद घालणार नाही. आणि ठेवणार असाल तर एकदा या, त्या डावाला मांडलेली तीच दहा प्रकारची कार्डं पुन्हा मांडू, चॅपेलवाली बाजू तुम्ही घ्या, पैसा मी खेळतो. दोन्ही गड्ड्या तुम्हीच पिसा.