अनामित यांना उत्तर: हो, ड्युअल बूट मी स्वतः केलंय

एकाच मशीनवर विंडोजच्या शेजारी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम (ओएस) टाकायचा, म्हणजे ड्युअल बूटचा, लेख टाकून चार दिवस झाले नाहीत तोच खाली एक हातभर प्रतिक्रिया आली. नाव 'अनामित'. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लेख अर्धवट आहे, बिटलॉकरबद्दल (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) एक अक्षर नाही, ऑगस्ट 2024 च्या विंडोज अपडेटनंतर कित्येकांचं लिनक्स बूट व्हायचं बंद झालं त्याचा उल्लेख नाही, घड्याळाबद्दल लिहिलंय ते उलटं आहे, आणि नवख्यांनी या भानगडीत न पडता व्हर्च्युअलबॉक्स (विंडोजच्या आतच दुसरी ओएस चालवणारं सॉफ्टवेअर) वापरावं. आणि शेवटी हे, जसंच्या तसं: "स्वतः कधी केलंय का हे, की इकडून तिकडून वाचून छापलंय?"

बायको म्हणाली, डिलीट कर आणि जेवायला ये. जेवलो, पण डिलीट काही केलं नाही.

आधी तुमचं बरोबर ते मान्य करतो, नाहीतर म्हणाल याला चूक दाखवलेली चालत नाही. घड्याळ. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) ठेवतं आणि विंडोज तीच वेळ स्थानिक समजून दाखवतं, म्हणजे आपल्याकडे विंडोजमधली वेळ साडेपाच तास मागे जाते. मी 'पुढे' लिहिलं होतं. मागे. दुरुस्त केलंय, धन्यवाद. लेखात त्याखाली दिलेली, हे घड्याळ जुळवायची कमांड मात्र बरोबरच होती हे तुम्ही सोयीस्कर विसरलात.

आता त्या वाक्याकडे येतो. "स्वतः कधी केलंय का."

अनामित साहेब, 2009 साली उबुंटूच्या सीड्या फुकट पोस्टाने घरी यायच्या. पाकिटावर परदेशी शिक्का बघून आईला वाटलं पोराला नोकरीचं पत्र आलं. ती 9.04 ची सीडी घेऊन मी हॉस्टेलवर गेलो आणि रूममेटच्या डेस्कटॉपवर, हो त्याच्याच, माझ्याकडे कुठला असायला, एक्सपीच्या शेजारी टाकली. महिनाभर मस्त चाललं. मग त्याला गेमसाठी जागा कमी पडायला लागली म्हणून मी हुशारी करून एक्सपीच्या डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचं पार्टिशनच, म्हणजे डिस्कचा त्याचा भागच, उडवलं. रीस्टार्ट केलं तर काळ्या स्क्रीनवर दोन शब्द, 'एरर 22'. बस. बूटलोडरचं (ओएस सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) तोंड डिस्कच्या सुरुवातीला आणि बाकीचं सगळं धड मी उडवलेल्या पार्टिशनमध्ये, त्यामुळे विंडोज शेजारी धडधाकट असूनही तिथपर्यंत न्यायला कुणी उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी रूममेटचं सबमिशन. रात्री दीडला वरच्या मजल्यावरून एक्सपीची सीडी मागून आणली, रिकव्हरी कन्सोलमध्ये फिक्सएमबीआर (डिस्कच्या सुरुवातीचा बूट कोड नव्याने लिहिणारी कमांड) मारलं आणि विंडोज आलं. त्याची एक फाइल गेली नाही. तो मात्र आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. हे कुठे 'वाचून छापतात' ते सांगा, मीही वाचीन.

अजून ऐकायचंय? 2013 मध्ये घेतलेला लॅपटॉप, विंडोज 8 वाला. लिनक्समधून डी ड्राइव्ह उघडला तर सगळं दिसतंय, वाचता येतंय, पण लग्नाचे फोटो त्यात टाकायला गेलो की नकार. रीड-ओन्ली. दोन संध्याकाळी डोकं फोडलं तेव्हा कळलं की आपण शटडाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होतच नाही, फास्ट स्टार्टअप कर्नलला (विंडोजच्या गाभ्याला) हायबरनेट करून, म्हणजे झोपवून, ठेवतं, ड्राइव्ह अर्धवट उघडा राहतो आणि म्हणून लिनक्स त्यात लिहायला धजत नाही. लेखात 'सगळ्यात आधी फास्ट स्टार्टअप बंद करा' ही एकच ओळ ठळक आहे ना, तिच्यामागे त्या दोन संध्याकाळी आहेत. पण तुम्हाला ठळक अक्षरं दिसत नाहीत, काय नाही तेवढंच दिसतं. मुद्दे सांगायचे तर सांगा की, पण कुणाच्या घरी येऊन पहिल्या वाक्यात 'अर्धवट' म्हणायची ही कुठली पद्धत?

बाकीचं पटकन उरकतो. व्हर्च्युअलबॉक्स: ज्याचं मशीन 4 जीबी रॅमचं आहे त्याला हा सल्ला देऊन बघा, विंडोजच धापा टाकतंय, त्याच्या पोटात अजून एक ओएस कुठे घालणार. ऑगस्ट 2024 चं अपडेट: होतं ते, 'एसबीएटी' असं काहीतरी स्क्रीनवर येऊन मशीन बंद पडायचं, मे 2025 च्या अपडेटमध्ये निस्तरलं, जुनी गोष्ट आहे. तेव्हाही सिक्युअर बूट (खात्रीची सही असलेलंच सुरू होऊ देणारी तपासणी) बंद करून आत शिरता येत होतं. आता सिक्युअर बूट बंद केलं की बिटलॉकर रिकव्हरी की (कुलूप उघडायचा लांबलचक आकडा) मागू शकतं, म्हणजे फिरून तुमच्याच मुद्द्यावर आलो, असो.

बिटलॉकर. होम एडिशनवरही डिव्हाइस एन्क्रिप्शन या नावाने ते चालू असू शकतं, नव्या लॅपटॉपवर तर मालकाला पत्ताही नसतो, आणि ती 48 आकडी की बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर जाऊन बसलेली असते. हे सगळं मला माहीत आहे. लेखात 'बॅकअप घ्या' लिहिलंय त्यात हे आलंच असं मी धरून चाललो होतो, प्रत्येकाच्या मशीनसमोर मी येऊन बसू का? तरी आज सकाळी दोन ओळी वाढवल्यात. तुमच्या सांगण्यावरून नाही, माझ्या मनात होतंच.

पुढच्या वेळी नाव टाकून लिहा, म्हणजे मलाही 'अहो' कुणाला म्हणतोय ते कळेल. आत्ता थांबतो, रविवारी भाच्याच्या लॅपटॉपवर मिंट टाकायचंय. त्याला मघाशीच फोन करून सांगितलंय की मी येईपर्यंत ती बिटलॉकरची की शोध आणि कागदावर उतरवून ठेव, आकडे दोनदा तपासून.