फुकटात म्हणे!

ऑस्ट्रेलियातल्या डार्विनमधल्या आपल्या मराठी ग्रुपवर आज एकाने निटमिलुक नॅशनल पार्कचे, म्हणजे कॅथरीन नदीच्या घळींचे, फोटो टाकले. खाली मल्लिनाथी: "बोटीचं तिकीट केवढं! नदी निसर्गाची, पैसे मात्र या लोकांना फुकटात." त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग. डोकंच फिरलं.

फुकटात? कॅथरीन नदीकाठचा हा मुलूख जावोयन या तिथल्या मूळ आदिवासी लोकांचा. 1978 साली त्यांनी या जमिनीवर दावा लावला, कॅथरीन गावात त्याला केवढा विरोध झाला, आणि जमीन हातात आली 1989 मध्ये. तीही लगेच 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने सरकारी महामंडळाला दिली, नॅशनल पार्क सगळ्यांसाठी खुलं राहावं म्हणून. म्हणजे तुम्ही-आम्ही तिथे सेल्फी काढतो ते त्यांच्या जमिनीवर.

हाच गृहस्थ आमच्याबरोबर बोटीत होता. पहिली घळ संपली की उतरायचं, खडकांवरून चालत पुढच्या बोटीत बसायचं. वाटेत कड्यावर जुनी चित्रं. दुसऱ्या घळीत पाणी खोल, हिरवंगार. गाइड जावोयन मुलगा. आवाज खाली आणून सांगत होता, या डोहात बोलुंग राहतो, इंद्रधनुष्याचा सर्प. इथलं पाणी पिण्यासाठी घेत नाहीत, गरोदर बाई नदीत उतरत नाही. बोलुंगला डिवचायचं नसतं. आमचा गडी फिसकन हसला आणि मराठीत काहीतरी पुटपुटला. मी डोळे वटारले. मुलाला मराठी कळलं नाही, हसणं बरोब्बर कळलं. क्षणभर थांबला, मग पुढचं बोलू लागला.

आणि हाच माणूस कोकणातल्या आपल्या देवराईत वाळकी काटकीसुद्धा उचलत नाही! तिथे श्रद्धा, इथे गंमत?

हो, तिकीट महाग आहे, मान्य. पार्कचा कारभार बघणाऱ्या बोर्डावर 13 पैकी 8 जावोयन असले तरी रेंजर सरकारी पगारावर, तेही मान्य. पण बोटी जावोयनांच्या कंपनीच्या आहेत. त्या मुलाच्या हाती पगार पडतो तो त्याच तिकिटातून. आपल्या हॉटेलवाल्याने दोन पैसे कमावले की 'मराठी माणूस पुढे गेला', आणि यांनी कमावले की पोटात का दुखतं?

तसा माणूस वाईट नाही हो. बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी रात्रभर माझ्याजवळ हॉस्पिटलात बसला होता, डबाही त्याच्याच घरून आला होता. म्हणूनच जास्त लागतं.

नाव लिहिलेलं नाही, पण त्याला कळेलच. फोन येईल. आला की तोंडावरही हेच सांगणार आहे.