तो दुसरा डीएनएस आधी काढा!

मडगावच्या शाखेतून पणजीचा हिशोबाचा सर्व्हर मधूनच नावाने सापडेनासा होतो, आणि निदान तयार: 'पावसात लाइन गेली!' अहो, आयपीवर, म्हणजे सर्व्हरच्या आकडी पत्त्यावर, पिंग (पोच तपासणारी हाक) जातंय ना? मग लाइनीला कशाला शिव्या?

विंडोजची नेटवर्क सेटिंग उघडून बघा. पहिला डीएनएस, म्हणजे नावावरून आयपी सांगणारा सर्व्हर, ऑफिसातला, दुसरा गूगलचा ८.८.८.८. 'असू दे राखीव' म्हणून कोंबलेला! पहिल्याने उत्तराला जरा उशीर केला की विंडोज दुसऱ्याला विचारतं. गूगलला तुमचं आतलं नाव कुठून ठाऊक असणार? तो म्हणतो, असं नावच नाही. विंडोज तेच अंतिम मानतं, वर तो नकार कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, जपून ठेवतं.

दोन्ही जागी आतलेच सर्व्हर द्या, ८.८.८.८ ला सर्व्हरवर फॉरवर्डर करा, म्हणजे बाहेरची नावं सर्व्हरच त्याला विचारेल. मग कॅश पुसायला आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस ही आज्ञा. एनएसलुकअप (डीएनएसला थेट विचारणारी आज्ञा) करताना पूर्ण नाव, शेवटी टिंब, पुढे सर्व्हरचा आयपी. दोन्ही सर्व्हरना वेगवेगळं विचारा. उत्तरं जुळली नाहीत तर झोनचे, म्हणजे दोघांकडच्या नावांच्या यादीचे, सिरियल नंबर ताडून बघा.

एनएसलुकअप बरोबर आणि पिंग भलत्याच आयपीवर? होस्ट्स फाइल, म्हणजे त्या संगणकावरचीच नावं-आयपींची यादी, उघडा. एनएसलुकअप ती बघतच नाही. कुणीतरी तिथे जुना आयपी लिहून 'झालं काम' म्हणत घरी गेलेला असतो!