लांडग्याला आधी पोहे द्या

मुलांसाठी चित्रपुस्तक लिहायचं मनावर घेतलंत, फार चांगलं केलंत. निवृत्तीनंतर इंदूरचा मराठी माणूस एक तर भजनी मंडळात जातो, नाही तर पुस्तक काढतो, आणि भजनी मंडळांत टाळ वाजवणारे आधीच जास्त झालेत. गोष्ट सुचत नाही? मग जुनी परीकथा घ्या. मानधन मागायला कोणी येत नाही. या गोष्टी लिहिणारा फ्रेंच पेरो १७०३ सालीच गेला; त्या गोळा करणाऱ्या जर्मन ग्रिम बंधूंपैकी धाकटा १८५९ मध्ये, थोरला १८६३ मध्ये.

मूळ गोष्टी एकदा वाचून घ्या, पण दार लावून. पेरोच्या १६९७ च्या पुस्तकात लाल टोपीवाली पोर लांडग्याच्या पोटात जाते आणि गोष्ट तिथंच संपते. पोट फाडून तिला बाहेर काढणारा शिकारी नंतर ग्रिम बंधूंनी धाडला. पण त्यांनाही फार दयाळू समजू नका. त्यांच्या सिंड्रेलाची एक बहीण बूट बसावा म्हणून पायाचा अंगठा छाटते, दुसरी टाच. लग्नात कबुतरं दोघींचे डोळे फोडतात. हिमगौरीच्या राणीला तापलेल्या लोखंडी जोड्यांत मरेपर्यंत नाचवतात. आणि बेडकाचा राजपुत्र होतो तो राजकन्येने पापा घेतला म्हणून नव्हे, तिनं त्याला भिंतीवर आपटला म्हणून. तुम्हाला हे सगळं पुसायचंच आहे, तेव्हा घाबरण्यासारखं काही नाही.

कोणी म्हणालं की मूळ गोष्टीला हात लावू नये, तर सांगा, आधी ग्रिमनीच लावलाय. १८१२ च्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई होती. १८१९ मध्ये ती सावत्र झाली. इंग्रजी गोष्टीत अस्वलांच्या घरात घुसून खीर खाणारी १८३७ साली चक्क एक म्हातारी होती; १८४९ पर्यंत तिची लहान मुलगी झाली. इतकी वर्षं सगळेच हात मारून घेतायत, तुम्हीच सोवळं कशाला पाळायचं?

आता लांडगा. तो दुष्ट नसतो, त्याला कोणी समजून घेतलेलं नसतं, एवढंच. तीन डुकरांच्या गोष्टीतली लांडग्याची बाजू अमेरिकेत १९८९ सालीच मांडून झाली आहे: सर्दी झाली होती, शिंक आली, घर पडलं. त्या पुस्तकाची सगळी मजा अशी की लांडगा बिनदिक्कत थापा मारतोय हे वाचणाऱ्या पोराला कळत असतं. तुम्ही ही चूक करू नका. पोराला लेखकापेक्षा जास्त कळलं तर पालकांना वाटतं, पैसे वाया गेले. तुमचा लांडगा खरोखरच सज्जन हवा.

जंगल म्हणून रालामंडल आहेच. आजी सुदामा नगरात. लांडगा दारात येतो, आजी त्याला पोहे देते, वर शेव, वर जीरावन, म्हणजे आपला इंदुरी मसाला. तो म्हणतो, ‘आजी, मला राग आला की मी दहा आकडे मोजतो.’ मग पोह्यांचा कागद सुक्या कचऱ्यात आणि लिंबाची साल ओल्या कचऱ्यात टाकून तो कचरागाडीची वाट बघत उभा राहतो. पहिल्या नंबरच्या स्वच्छ शहरात लांडगा तरी मागे का राहील? ‘आजी, तुझे दात एवढे मोठे का?’ हा प्रश्न मात्र पूर्ण काढा. कोणाच्या दिसण्यावर बोलू नये. चित्रकारालाही बजावा, लांडग्याचं तोंड कायम मिटलेलं हवं.

चित्रपुस्तकाला बहुधा ३२ पानं असतात. छापील कागदाच्या घड्या तशाच बसतात. त्यातली डझनभर लांडग्याच्या भावनांना द्या. राहिलेल्यांत टोपी, टोपली, झाडं. आणि बोध विसरू नका. पेरो गोष्टीखाली पद्यात बोध टाकून मोकळा व्हायचा. तुम्ही ‘पालकांसाठी’ म्हणून दोन पानं जोडा: लांडग्याला काय वाटलं असेल? तुम्हाला तसं कधी वाटलं का? पुस्तक विकत घेणारी आई विजय नगरात राहते, वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून एकदम वीस प्रती उचलते आणि दुकानात उभ्या उभ्या ही दोनच पानं वाचते. बाकीची पानं मुलासाठी आहेत, तेव्हा तिथं फार डोकं लावू नका.

एका गोष्टीपासून जपा. पुस्तक घरातल्या आजीच्या हाती पडू देऊ नका. ती चष्मा लावून सगळं वाचून दाखवते, पुस्तक मिटून उशाशी ठेवते आणि म्हणते, ‘हं, आता खरी गोष्ट सांगते.’ मग चिमणीच्या दारात कावळा येतो, तवा तापतो, आणि तुमच्या सुसंस्कृत लांडग्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

प्रकाशनाला मुलांना पहिल्या रांगेत बसवा, फोटो चांगले येतात. माइक मात्र त्यांच्यापर्यंत जाऊ देऊ नका. एखादं पोरगं हटकून उठतं आणि विचारतं, ‘काका, तो लांडगा काय खाऊन राहिलाय? पोहेच?’ अशा वेळी अध्यक्षांकडे बघायचं नाही, ते झोपलेले असतात. कचोरीवाल्याला खूण करायची. ‘उत्तर पुढच्या पुस्तकात’ असं चुकूनही म्हणू नका. पोरं लक्षात ठेवतात.