हात माझा होता : ‘एक मुलगी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘एक मुलगी’ या नावाने तुम्ही माझ्या मागच्या लेखाखाली लिहिलंत. मी ते तीनदा वाचलं. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं असं ते नव्हतं, म्हणून उशीर झाला. लेख नॅरेटिव्ह थेरपीवर होता, म्हणजे समस्येला माणसापासून वेगळं काढून त्याला स्वतःची कहाणी नव्याने सांगायला मदत करणाऱ्या समुपदेशनाच्या रीतीवर. व्यसनातून आणि जुन्या आघातांतून सावरणाऱ्या बायकांबरोबर मी समुपदेशक म्हणून याच रीतीने काम करते. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमची आई प्यायची. आठवीपासून घर तुम्ही सांभाळलंत. ‘माणूस म्हणजे समस्या नव्हे, समस्या ही समस्या आहे’ असं म्हणून आम्ही तुमच्या आईसारख्या बायकांना पळवाट काढून देतो, असं तुमचं म्हणणं. शिवाय जुन्या जखमा उकरून त्यांना पुन्हा बाटलीकडे ढकलतो. आणि गोष्टी सांगून दारू सुटत नाही, ती गोळ्यांनी आणि ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याचे गट) मीटिंगांनी सुटते.

आधी पळवाटीबद्दल बोलते. तुमचा खरा राग तिथे आहे आणि तो रास्त आहे.

ही रीत ऐंशीच्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडचे मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडचे डेव्हिड एप्स्टन यांनी घडवली. व्हाइट मुलांच्या इस्पितळात सोशल वर्कर होते. कपड्यांत शी करणारी मुलं त्यांच्याकडे यायची, सोबत वैतागलेले आईबाप. व्हाइटनी त्या त्रासाला मुलापासून वेगळं काढून एखाद्या चोरट्यासारखं नाव दिलं आणि मुलाला विचारायला सुरुवात केली : तो तुला कधी गाठतो? तू त्याला कधी चकवलंस? शरमेने खाली गेलेली मान वर आली की मूल त्या चोरट्याच्या मागे लागायचं.

मला यात परकं काही वाटत नाही. मराठीत व्यसन ‘लागतं’, तलफ ‘येते’, नाद ‘लागतो’. पुरुषाबद्दल आपण सहज म्हणतो, ‘माणूस सोन्यासारखा होता हो, दारूने वाटोळं केलं.’ बाईच्या वाट्याला हे वाक्य येत नाही. तिच्याबद्दल दोनच शब्द निघतात : ‘बाई असून!’ (मिश्रीच्या डबीतून सासू-सुना एकत्र बोट फिरवतात, त्याला कुणी नाक मुरडत नाही. तीही तंबाखूच, पण ती चारचौघांत चालते.) केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात दारू पिणारे पुरुष २७.३ टक्के आणि स्त्रिया १.६ टक्के. या थोड्या बायका तांदळाच्या डब्याआड पितात आणि त्यांची सोय म्हणून फार थोड्या जागा आहेत. पुण्यात ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्राने ‘निशिगंध’ हा स्त्रियांसाठी वेगळा विभाग काढला, तो यासाठीच महत्त्वाचा.

आता एका बाईंबद्दल सांगते. त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि त्यांनी लिहायला होकार दिला आहे. वय चाळिशीच्या पुढे. पहिल्या चार-पाच भेटींत माझ्या प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर : ‘मी आहेच तशी.’ मुलीचा हात पोळला त्या दिवशी तुम्ही कुठे होतात? मी आहेच तशी. बचत गटाच्या पैशांचं काय झालं? मी आहेच तशी. तुम्हाला हे कबुलीसारखं वाटेल. मला ती कडी वाटली. आतून लावलेली. जी आहेच तशी, तिला पुढे काही करायचं उरतच नाही.

मग दारूबद्दल आम्ही वेगळ्याने बोलू लागलो. ती कधी येते? ‘सहाला. दिवेलागणीला.’ काय म्हणते? ‘म्हणते, दमलीस ना, बस जरा.’ त्यांनी तिला ‘सहाची बाई’ म्हणायला सुरुवात केली. नाव त्यांचं, माझं नव्हे. आमच्या कामात हे फार जपावं लागतं. मी विचारलं, सहाची बाई आली आणि हात हलवत परत गेली, असं कधी झालंय का? बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘गिरणीत गेले की.’ दळण ठेवून घरी न येता त्या तिथेच बाकावर बसून राहायच्या, कारण गिरणीच्या घरघरीत तिचं बोलणं ऐकू येत नाही. पीठ गरम असेपर्यंत डबा मांडीवर धरायच्या.

ही युक्ती कुठे शिकलात, असं मी विचारलं. त्यावर त्या जे बोलल्या ते सगळं इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की लहानपणी घरात कुणी नसताना एक नातेवाईक यायचा आणि तो गल्लीच्या तोंडाशी दिसला की नऊ वर्षांची ती मुलगी दळणाचा डबा उचलून गिरणी गाठायची. डब्यात दाणे असोत वा नसोत.

त्यानंतर दोन भेटींनी, मी काही न विचारता, त्या म्हणाल्या, ‘गटाचे तेवीसशे रुपये मी घेतले. तिने सांगितलं घे म्हणून, पण हात माझा होता.’ महिन्याला दोनशे रुपयांप्रमाणे त्यांनी ते फेडले. गटाच्या वहीत प्रत्येक हप्त्यापुढे त्यांची सही आहे.

म्हणून मी म्हणते की समस्या बाहेर काढल्याने जबाबदारी बाहेर जात नाही. ती घ्यायला माणूस पायांवर उभा राहतो. अ‍ॅडलेडमध्येच अ‍ॅलन जेन्किन्स यांनी बायकांना मारणाऱ्या पुरुषांबरोबर याच विचाराच्या अंगाने वर्षानुवर्षं काम केलं आणि त्यांच्या कामाचा गाभाच जबाबदारी हा होता. तरीही तुमची भीती मी झटकून टाकत नाही. ‘मी नाही, सहाची बाई’ असं म्हणून हात झटकणारी व्यक्ती भेटते. तिथे समुपदेशकाने पुढचा प्रश्न विचारायचा असतो : ती आली तेव्हा तुम्ही काय केलंत, आणि ते कुणाला भोगावं लागलं? तो न विचारता जो थांबतो, त्याच्याबद्दलचा तुमचा आक्षेप शंभर टक्के खरा आहे.

जखमा उकरण्याबद्दल. जे घडलं ते सगळं पहिल्यापासून सांग, असा आग्रह धरणं घातक आहे, हे मला मान्य आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञ जुडिथ हर्मन यांनी १९९२ मध्येच लिहून ठेवलं की आघातातून सावरताना पहिली पायरी सुरक्षिततेची, आठवणींची पायरी त्यानंतरची. घरात अजून मारहाण चालू असेल, रात्री झोप नसेल, तर भूतकाळाला हात लावायचा नाही. आणि लावला तरी व्हाइट ज्याला दुहेरी कहाणी म्हणत तसाच : काय झालं याच्या बरोबरीने, ते होत असताना तिने काय केलं. कुठलंही माणूस नुसतंच सोसत नाही. कोणी दाराला पाट लावतं, कोणी धाकट्या भावाला घेऊन गच्चीत जातं, कोणी रिकामा डबा घेऊन गिरणीत. त्या बाईंनी तो प्रसंग मला आजतागायत पूर्ण सांगितलेला नाही. मी विचारलेलाही नाही. त्यांना जे लागत होतं ते त्या डब्यात सापडलं.

गोळ्यांबद्दल वाद नाहीच. रोज पिणाऱ्या बाईने एकदम दारू बंद केली तर पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्या दिवसांत माझं काही काम नाही. डॉक्टर, औषधं, बी-१ची इंजेक्शनं, झोप. मी त्यानंतरची. आणि अभ्यासाचंही स्पष्ट सांगते : व्यसनी स्त्रियांसाठी या रीतीचा किती उपयोग होतो याचे अभ्यास थोडे आहेत आणि छोटे आहेत. ‘हीच एक गुणकारी’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मी सांगितलं तरी.

ए.ए.शी मात्र माझं भांडण लावू नका. १९३५ पासून ती मंडळी जे करत आहेत तेही आपली कहाणी सांगणं आणि दुसऱ्याची ऐकणंच आहे. माझ्याकडच्या कितीतरी बायका मराठी मीटिंगांना जातात. काहींना ए.ए.च्या बारा पायऱ्यांमधली पहिली पायरी जड जाते : दारूपुढे आम्ही हतबल आहोत. जिने जन्मभर हतबलच राहायचं शिकलं, तिला ते वाक्य पुन्हा उच्चारताना घसा कोरडा पडतो. अमेरिकेत जीन कर्कपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये बायकांसाठी वेगळा गट काढला तो याच अडचणीतून. ज्यांना ते वाक्य आधार देतं, त्यांनी ते धरून ठेवावं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न : ‘आईची गोष्ट तुम्ही ऐकता, आमची कोण ऐकणार?’ याला माझ्याकडे बचाव नाही. पूर्ण लेखात मी मुलांबद्दल एक ओळ लिहिली नाही. चूक झाली. आईने नवी कहाणी लिहायला घेतली म्हणून मुलीने तिला माफ करावं, असं मी कुणालाही सांगत नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन हे मदतगट आहेत, त्याची माहिती मी मूळ लेखाच्या वर आता जोडली आहे.

तुम्ही ओघात लिहिलं आहे की आई उठलेली नसायची तेव्हा शेजारच्या काकू दोन वेण्या घालून द्यायच्या आणि शाळेत कधी कुणाला कळलं नाही. एकही दिवस शाळा बुडवली नाहीत. मला तिथे थांबावंसं वाटलं. तुम्ही माझ्याकडे मदतीसाठी आलेल्या नाहीत, त्यामुळे याचं उत्तर इथे देऊ नका, मलाही नको. पण प्रश्न ठेवून जाते : सकाळी कंगवा घेऊन दारात उभी राहणारी ती मुलगी पाहून त्या काकूंना तुमच्याबद्दल काय कळलं असेल?