पुन्हा तोच प्रश्न

"अजून लहान मुलांचीच पुस्तकं वाचतेस?" हे ऐकून आता खरंच डोकं उठतं.

नोकरी, स्वयंपाक, गृहपाठ यातून रात्री जेमतेम अर्धा तास हाती लागतो. त्यात मी काय वाचायचं हे दुसऱ्यांनी का ठरवावं? आणि मुलांची पुस्तकं 'सोपी' असतात म्हणता, पण सोपं कशाला म्हणता? आईबापांचा मृत्यू, युद्ध, घरदार सोडून पळणं, मैत्रीतला दगा, सगळं असतं मुलांच्या पुस्तकांत, तेही फापटपसारा न करता. दहा वर्षांचा वाचक कंटाळला की सरळ पुस्तक मिटतो. त्याच्यासाठी लिहिणाऱ्याला एक पानही वाया घालवता येत नाही.

किशोरांच्या कादंबऱ्या तर मी मुद्दाम लेकीच्या बरोबरीने वाचते. शाळेत काय झालं विचारलं तर "काही नाही" एवढंच उत्तर. पण कादंबरीतली मुलगी आईशी खोटं का बोलली, यावर ती माझ्याशी तासभर भांडते! ते भांडण मला हवं असतं.

१९९८ मध्ये ब्रिटनमध्ये हॅरी पॉटरच्या पहिल्या भागाची खास मोठ्यांसाठी वेगळ्या मुखपृष्ठाची आवृत्ती काढली होती. आतली गोष्ट तीच. म्हणजे वाचायचं, पण लपवून? मला नाही लपवायचं. रंगीत चित्राचं मुखपृष्ठ तसंच वर ठेवून मी बसमध्येही वाचणार. विचारायचंच असेल तर गोष्ट कशाची आहे ते विचारा, सगळी सांगेन.